प्रेरणादायी कादंबऱ्या : तत्त्वज्ञान की नुसती गोड वाक्यं?

भुईकोट

आमच्या सोलापूरच्या वाचनगटात या वेळी पाउलो कोएलोची 'द अल्केमिस्ट' होती. बहुतेकांनी ती आधीच वाचलेली, त्यामुळे बोलणं पुस्तकावरून लगेच मूळ प्रश्नावर आलं. अशा पुस्तकांत खरंच काही विचार असतो, की वाचताना बरं वाटावं एवढ्यासाठीच ती वाक्यं लिहिलेली असतात? कुणीच मागे हटेना. तो वाद इथे पुढे न्यावा म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं आधी मांडतो. पुस्तक सोपं आहे आणि भरपूर खपतं म्हणून ते उथळ, हे मला मान्य नाही. तुकोबांइतकं सोपं कोण लिहिणार आणि त्यांच्याइतकं घराघरांत कोण पोचणार? माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे कुठलंही दर्शन, म्हणजे तत्त्वज्ञानाची परंपरा, घ्या, आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीने उभं करायचं, आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही रीत आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन कृष्णाला अडवतो : कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ म्हणतोस, मग मला या घोर कर्मात का ढकलतोस? कठोपनिषदात यम नचिकेताला हत्ती, घोडे, दीर्घायुष्य असं सगळं देऊ करतो, पण ते पोरगं आपला प्रश्न सोडत नाही. बृहदारण्यकात गार्गी इतकं खोदून विचारते की 'आता आणखी विचारलंस तर डोकं गळून पडेल' असं याज्ञवल्क्याला म्हणावं लागतं. ती गप्प बसते, आणि थोड्या वेळाने त्याच सभेत पुन्हा उभी राहते.

आता प्रेरणादायी कादंबरीतला शिष्य आठवा. 'द मंक हू सोल्ड हिज फेरारी'मध्ये हिमालयातून परतलेला माणूस बोलत राहतो आणि समोरचा रात्रभर मान डोलावतो. 'थांबा, हे मला पटत नाही. माझी आई अंथरुणाला खिळलीय, घराचे हप्ते आहेत. तुम्ही सगळं विकून गेलात, माझ्याकडे विकायला काय आहे?' असं तो एकदाही म्हणत नाही. शंका घेणारं माणूसच पुस्तकात नसेल तर तत्त्वज्ञान कुठून येणार?

'अल्केमिस्ट'मधलं सगळ्यात गाजलेलं म्हणणं घ्या. एखादी गोष्ट मनापासून हवी असेल तर अख्खं विश्व ती मिळवून द्यायला झटतं. मिळाली, तर विश्वाने मदत केली. नाही मिळाली, तर तुला ती मनापासून हवी नव्हती. हे म्हणणं कशानेच खोटं पडत नाही. आणि कशानेच खोटं न पडणारं वाक्य मला जगाबद्दल काही सांगतं असं मी मानत नाही.

अभ्यासिका७०फूट

सर, तुमचं सगळं वाचलो. पटलं पण, आणि राग पण आला.

मी सत्तर फूट रोडवरच्या अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेचा अभ्यास करलालोय. पूर्व निघते, मुख्यला अडकतोय. गावाकडं वडील चार लोकांत सांगून बसलेत. रात्री अभ्यासिका बंद व्हायच्या टायमाला जिना उतरताना जे वाटतं ना, ते पूर्वपक्ष वाचून जात नाही ओ. ते पुस्तक मला रूममेटनं वाचायला दिलं. त्यातलं तेच वाक्य, तुम्ही वर जे खोटं पडत नाही म्हणलाव ते, मी टेबलापुढं भिंतीला चिकटवलोय. विश्व माझ्यासाठी पेपर सोपा काढणार नाही हे मला कळतं. तेवढी अक्कल आहे. पण सकाळी उठून परत त्याच खुर्चीत बसायला काहीतरी लागतं. ते ज्यातनं मिळतं त्याला गोड वाक्यं म्हणणं लै सोपं आहे.

आणि एक विचारू का? आमच्या टेबलावर तुमची गार्गी का नाही? आणून कोण दिलं आम्हाला? 'अल्केमिस्ट' मराठीत आहे, स्वस्तात मिळतं, दोन रात्रीत वाचून होतं. तुमची दर्शनं पन्नास रुपयांत फुटपाथवर मिळतात का?

नवीपेठ

फुटपाथचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझा जुन्या पुस्तकांचा धंदा आहे. ही पुस्तकं घेणारी माणसं रोज बघतो. श्रीमंत घरातली पोरं फार कमी. नर्सिंगच्या मुली, दुकानात कामाला असणारी पोरं, पोलीस भरतीवाले जास्त. पुस्तक हातात घेतात, मधलंच पान उघडून उभ्या उभ्या वाचतात, मिटून पुन्हा ठेवतात. मग पैसे मोजतात, आणि पुष्कळदा परत जातात. दुसऱ्या दिवशी येऊन नेतात. रोजच्या खर्चातनं पैसे काढून माणूस पुस्तक घेतो तेव्हा त्याला त्यातनं काहीतरी पाहिजे असतं. ते त्याला मिळतं की नाही हे तुम्ही जाणकारांनी सांगा. पण 'कशाला वाचता असलं' असं त्यांना म्हणू नका एवढीच विनंती.

यंत्रमाग_पूर्वभाग

अभ्यासिका भाऊ, तुमच्याबद्दल मनात काहीच वाईट नाही. वाक्य भिंतीवर राहू द्या. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू मी घरात बघितलीय, ती सांगतो.

वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. कुठल्या ते सांगत नाही. गिरणी बंद पडली, देणी अडकली. सुरुवातीला ते मोर्चाला, युनियनच्या मीटिंगला जायचे. मग घरी बसले. तेव्हा एका नातेवाइकांनी त्यांना असंच एक पुस्तक आणून दिलं, गोष्टीतून सांगणारं. माणूस जसा विचार करतो तसंच त्याच्या आयुष्यात घडतं, असं त्यात होतं. वडिलांचं शिक्षण चौथीपर्यंत, तेलुगू माध्यमात. मराठी ते बोट ठेवून वाचायचे. तसं बोट ठेवून त्यांनी ते पुस्तक पूर्ण वाचलं. त्यानंतर ते आईला म्हणायला लागले की माझ्या मनातच काहीतरी खोट असणार. मीटिंगला जायचे बंद झाले. देण्यांचं विचारायचे बंद झाले. पहाटे आपोआप जाग यायची त्यांना, कारण सगळा जन्म भोंग्यावर उठलेले. उठून बसून राहायचे.

सोलापुरात जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. या शहराचं पोट गिरण्यांनी भरलं आणि मग एकेक करून त्या बंद पडल्या. जुनी यंत्रं, थकलेली कर्जं, बाहेरच्या मालाशी स्पर्धा, मालकांचे निर्णय, सरकारचं धोरण, कारणं पुष्कळ आहेत आणि त्यावर भांडताही येतं. पण हजारो कामगारांची इच्छा एकाच वेळी कमी पडली, हे कारण मला कुणी सांगू नये. ज्या विचाराने माणूस जाब विचारायचं सोडून स्वतःलाच कोसायला लागतो त्याला मी गोड वाक्य सुद्धा म्हणणार नाही. तो घातक आहे.

अभ्यासिका७०फूट

दादा, हे वाचून गप्प झालो. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

यंत्रमाग_पूर्वभाग

सांगतो. आता बरे आहेत. अक्कलकोट रोडला दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर बरीच वर्षं काम केले. आता नातवाला शाळेत सोडायला जातात.

अक्का

भुईकोट, तुम्ही शिष्य प्रश्न विचारत नाही म्हणालात. मला तर ज्या माणसाला तोंडच दिलेलं नाही तिच्याबद्दल बोलायचंय.

'अल्केमिस्ट'मधली फातिमा. अल-फय्यूमच्या मरुद्यानात विहिरीवर पाणी भरायला येते. खजिना शोधायला निघालेला मेंढपाळ सांतियागो तिला बघतो, पहिल्या भेटीतच प्रेमात पडतो. मग त्याला वाटतं की इथंच राहावं, खजिना गेला खड्ड्यात. तेव्हा तीच त्याला सांगते की तू जा, मी वाळवंटातली बाई आहे, वाट बघणं मला माहीत आहे. किती थोर, असं वाचताना वाटतं. पण हे पुस्तक पहिल्यापासून घोकत आलंय की प्रत्येक माणसाला स्वतःचं एक जीवितध्येय असतं, ते पुरं करणं हेच त्याचं खरं कर्तव्य. मेंढपाळाचं आहे, दुकानदाराचं आहे, किमया शोधणाऱ्या त्या इंग्रजाचं आहे. फातिमाचं कुठलं? तर सांतियागो परत येणं! सगळ्यांना लागू म्हणून सांगितलेला नियम विहिरीपाशी येऊन अडतो आणि लेखकाला त्याचं काही वाटतही नाही. तत्त्व सांगणाऱ्याने निदान आपलं तत्त्व पुस्तकातल्या सगळ्या माणसांना लावून बघावं ना.

आपल्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, कुंभारकन्या आहे. तिला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं. ते योगी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' म्हणत सगळं शहर तिच्या लग्नाला जमतं. त्या कथेत बाईला सगळं मिळतं असं मी म्हणत नाही, पुढे होमविधीला ती अग्नीत जाते हे सगळ्यांना माहीत आहे आणि मला ते लहानपणापासून खुपतं. पण तिथं तिची इच्छा सगळ्यांसमोर आहे, ती योग्याला अडचणीत टाकते, आणि त्याला काहीतरी तोडगा काढावा लागतो. फातिमा कुणालाच अडचणीत टाकत नाही.

रंगभवन

'अल्केमिस्ट'चा अनुवाद कुणाकडे आहे का? वाचायला हवा होता.

नवीपेठ

हिराचंद नेमचंद वाचनालयात बघा. नाही मिळाला तर माझ्याकडे या.

भुईकोट

अक्का, फातिमाचा मुद्दा गटात कुणीच काढला नव्हता, आणि तो माझ्या मुद्द्यापेक्षा जास्त लागतो.

पण पुस्तकाला न्याय द्यायचा तर एका माणसाबद्दल लिहिलंच पाहिजे. तांजियरमधला स्फटिकाच्या भांड्यांचा व्यापारी. चढावरचं दुकान, एकेकाळी गजबजलेलं, आता गिऱ्हाईक फिरकत नाही. लुबाडला गेलेला सांतियागो तिथे धूळ बसलेली भांडी पुसून देतो आणि नोकरीला राहतो. एक दिवस तो मालकाला विचारतो, तुम्ही मक्केला का जात नाही? व्यापाऱ्याची सगळी कर्तव्यं झालीत, हज तेवढी राहिलीय. तरुणपणी ठरवलं होतं की थोडा पैसा जमला की निघायचं. पैसा जमला, पण नाजूक माल कुणाच्या भरवशावर सोडायचा? यात्रेकरू दारावरून जाताना दिसतात. त्यातला एक मोची, वर्षभर वाळवंट तुडवून आलेला, सांगतो की कातडं घ्यायला तांजियरच्या गल्ल्यांतून हिंडताना याहून जास्त दमायला होतं. आणि मग व्यापारी खरं कारण सांगतो. मक्केच्या विचारावर मी जगतोय. जाऊन आलो तर पुढे कशासाठी जगायचं, याची मला भीती वाटते.

हा माणूस या कादंबरीतला पूर्वपक्ष आहे. स्वप्न पुरं करण्यातच आयुष्याचं सार आहे असं पुस्तक सांगतं, आणि हा शांतपणे सांगतो की काही स्वप्नं पुरी न होण्यावरच माणूस तगून असतो. त्याला खोडून काढणं सोपं नाही. चाटी गल्लीत असे दुकानदार मी बघितलेत. शेगावची पालखी सोलापुरात येते तेव्हा पायरीवर उभे राहून हात जोडतात, वारकऱ्यांना पाणी, केळी देतात, 'पुढच्या वर्षी आपण पण पायी' म्हणतात आणि गल्ल्यावर जाऊन बसतात. पंढरपूर इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. त्यांना भित्रे म्हणायची माझी छाती नाही. त्या 'पुढच्या वर्षी'मध्ये त्यांची भक्ती पण आहे, भीती पण आहे, आणि दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. कोएलो या माणसापाशी थांबले असते तर ते पुस्तक मोठं झालं असतं. तसं होत नाही. सांतियागो हिशेब चुकता करतो आणि पुढच्या शहाणपणाकडे निघतो.

विजापूरवेस

मी निवृत्त शिक्षक. चर्चा चांगली चाललीय, म्हणून थोडं लांब लिहितो.

हा वाद मराठीला नवा नाही. फडके आणि खांडेकर यांच्या काळात 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' म्हणून तो गाजला. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतली सुभाषितवजा वाक्यं मुली वहीत उतरवून घेत आणि टीकाकार त्याच वाक्यांवर नाक मुरडत. पण 'ययाति' वाचताना एक लक्षात येतं. त्यात ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापलं म्हणणं आपापल्या तोंडाने सांगतात, आणि एकाचं सत्य दुसऱ्याच्या सत्यावर आदळतं. वाक्यं गोड असतील, पण ती एकमेकींना गप्प बसू देत नाहीत. म्हणून वाक्य सुंदर आहे एवढ्यावरून कुठलंच पुस्तक बाद करू नये.

आपल्या सोलापूरचे कवी दत्ता हलसगीकर. 'ज्यांची बाग फुलून आली' ही त्यांची कविता शाळांच्या भिंतींवर असते, सूत्रसंचालनात हमखास येते. वापरून वापरून गुळगुळीत झालीय असं कुणी म्हणेल. पण ती कविता वाचणाऱ्याला काही मिळवून देत नाही. ज्याची बाग फुललीय त्याच्याकडे ती फुलं मागते, ज्याची उंची आभाळाला पोचलीय त्याला खाली वाकायला सांगते. मला फरक इथे दिसतो. तुला मिळेल असं सांगणारी वाक्यं एका बाजूला आणि तू दे म्हणणारी दुसऱ्या बाजूला. पहिलं ऐकून माणूस खूश होतो. दुसरं ऐकून त्याला खिशात हात घालावा लागतो.

बौद्ध परंपरेतली किसा गोतमी सगळ्यांना माहीत असेल. मेलेलं मूल घेऊन ती बुद्धांकडे येते, औषध मागते. ते म्हणतात, मूठभर मोहरी आण, पण अशा घरून की जिथे कुणी मेलेलं नाही. ती घरोघर फिरते. मोहरी प्रत्येक घरात आहे. मरणही प्रत्येक घरात आहे. एवढुशी गोष्ट, लहान मुलालाही कळते. पण 'मृत्यू अटळ आहे' हे वाक्य बुद्धांनी तिला ऐकवलं नाही. तिला चालायला लावलं. दारं ठोठवायला लावली. शेवटी तिला जे कळलं ते तिने स्वतः गोळा केलेलं होतं, म्हणून कुणी ते गोड वाक्य म्हणून उडवून लावू शकत नाही. गोष्टीतून तत्त्वज्ञान असं येतं.

'अल्केमिस्ट'मधल्या खजिन्याच्या गोष्टीबद्दलही सांगतो. घरचा खजिना शोधायला दूरदेशी जाण्याची ही कथा कोएलोंच्या कितीतरी आधीची. मौलाना रूमींच्या मसनवी या फारसी काव्यग्रंथाच्या सहाव्या भागात ती आहे, अरबी कथांत आहे, पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांतही सांगतात. रूमींचा माणूस बगदादचा, वडिलोपार्जित पैसा उडवून कफल्लक झालेला. स्वप्नात ऐकतो की खजिना मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, आहे. तिथे जातो, पोटासाठी रात्री भीक मागायला बाहेर पडतो, आणि चोर समजून गस्तवाला त्याला झोडपतो. हा खरं सांगतो तेव्हा गस्तवाला म्हणतो, अरे वेड्या, मला तर कितीदा स्वप्न पडलं की बगदादमध्ये अमक्या गल्लीत अमक्या घरात खजिना आहे, मी गेलो का? ते घर याचंच. कस्तुरीमृगाचा कबीरांचा दोहा आपल्याकडे आहेच. कोएलोंनी जुनी वस्तू घेतली यात काही गैर नाही. पण रूमींच्या गोष्टीत त्या माणसाला विश्वाने मदत केलेली नाही. स्वतःच्या हाताने बुडालेला माणूस आहे तो, मार खाल्ला, भीक मागितली, अपमान झाला, आणि उत्तर त्याला हसणाऱ्या माणसाच्या तोंडून मिळालं.

मालदांडी

विजापूरवेस सर, तुमचं सगळं मान्य. मी मंगळवेढ्याचा, म्हणून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. चोखोबा.

'मनापासून इच्छा केली की सगळं विश्व मदतीला येतं.' चोखोबांइतकी मनापासून इच्छा कुणी केली? आयुष्यभर विठ्ठल. आणि आयुष्यभर पायरीच्या बाहेर. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चाललं होतं, त्यात चोखोबा राबत होते, भिंत कोसळली आणि तिच्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी पंढरपुरी नेल्या, महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही बाहेरच. पंढरपूरच्या देवळाचं दार अस्पृश्यांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा. सहाशे वर्षं. सहाशे वर्षं विश्वाने काय केलं हे कुणीतरी सांगा.

आणि मला इथे साने गुरुजींचं नाव मुद्दाम घ्यायचंय. रडवणारं लिहितात, भाबडं लिहितात, बोधच जास्त, असं त्यांच्याबद्दल किती बोललं गेलं. पण आपण जे लिहितो त्यासाठी हा माणूस उपाशी बसला. मागणी मान्य होईपर्यंत उठला नाही. पुस्तकातला विचार खरा की पोकळ हे ठरवायला यापेक्षा मोठी कसोटी मला माहीत नाही.

यंत्रमाग_पूर्वभाग

मालदांडी अण्णा, हात जोडतो.

भुईकोट

मालदांडी, जोरदार. फक्त एक धोका दिसतो. लेखक कसा जगला यावर विचाराचं खरंखोटं ठरवलं तर वाईट माणसाचा बरोबर विचार आपण फेकून देऊ आणि चांगल्या माणसाचा चुकीचा विचार डोक्यावर घेऊ. साने गुरुजींच्या उपोषणाने गुरुजी मोठे ठरतात. त्यांची प्रत्येक कथा त्याने मोठी ठरत नाही.

मालदांडी

ठरत नाही, मान्य. पण विचार खोटा असता तर त्यासाठी कुणी इतके दिवस उपाशी बसला नसता, हे पण धरा.

भुईकोट

चुकीच्या विचारासाठी सुद्धा लोक जीव देतात हो. तरी तुमचं म्हणणं मनात ठेवतो.

अभ्यासिका, तुमचा प्रश्न अनुत्तरित राहिलाय : तुम्ही आम्हाला काय देता? एक नाव देतो. एपिक्टेटस, जुना ग्रीक तत्त्वज्ञ. जन्माने गुलाम. त्याच्या शिष्याने, एरियनने, त्याची शिकवण एका लहानशा पुस्तिकेत गोळा केली. 'अल्केमिस्ट'पेक्षाही छोटी आहे. तिची सुरुवातच अशी : काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपली मतं, आपली धडपड, आपली इच्छा हातात. शरीर, संपत्ती, लौकिक, पद हातात नाही. परीक्षेला बसणाऱ्याला याहून उपयोगी काय असेल? अभ्यास तुमचा. कटऑफ तुमचा नाही. निकाल मनासारखा लागला नाही तर तुमच्या इच्छेतच खोट होती, असं हा माणूस तुम्हाला कधीच म्हणणार नाही. उलट तो रोज संध्याकाळी तुम्हाला विचारेल की आज कुठल्या परक्या गोष्टीला आपली समजून रडलात. ऐकायला गोड नाही. पण रात्री जिना उतरताना उपयोगी पडेल.

अभ्यासिका७०फूट

सर, हे लिहून घेतलो. पण यात सुद्धा शंका आहे. यंत्रमाग दादांच्या वडिलांना हा एपिक्टेटस काय म्हणाला असता? गिरणी तुमच्या हातात नाही, सोडून द्या? मग मोर्चाला कोण जायचं?

यंत्रमाग_पूर्वभाग

हाच प्रश्न मला पण पडला होता. बरं झालं तू विचारलास.

विजापूरवेस

आता मला आपल्या गावची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण हाच प्रश्न बाराव्या शतकात इथे, या तळ्याच्या काठावर विचारला गेला होता.

सिद्धरामेश्वर म्हणजे सोन्नलगीचे, म्हणजे जुन्या सोलापूरचे, कर्मयोगी. अडुसष्ट लिंगं स्थापली, देवळं बांधली, तळं खोदलं. गाव त्यांच्यामागे कुदळ-फावडी घेऊन उभं. तिथे वीरशैव परंपरेतले संत अल्लमप्रभू येतात. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात हा प्रसंग आहे. अल्लमप्रभू कामकऱ्यांना विचारतात, कुठे आहे तुमचा तो दगडमाती उपसणारा वड्डर? आपल्या गुरूला असं म्हटल्यावर लोक भडकतात, दगड मारतात. सिद्धराम येतात तेही संतापूनच. मग दोघांचा संवाद सुरू होतो. अल्लमप्रभूंचा रोख असा, की तळी खोदून, देवळं बांधून पुण्य साठेल, पण 'हे मी केलं' हा मी कुठे जातो? तो गेला नाही तर हे सगळं खोदकाम कशासाठी? सिद्धराम लगेच हार मानत नाहीत, आपल्या कामाची बाजू घेतात. लोकोपकार काय वाईट, असं त्यांचंही म्हणणं आहे. बराच वेळ दोघं भांडतात, आणि मगच सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या बसवकल्याणला, निघतात.

विचार करा, ज्या माणसाला अख्खं गाव देव मानतं त्याला त्याच्याच गावात येऊन कुणीतरी असा प्रश्न विचारतो, आणि त्याचे भक्त तो प्रश्न ग्रंथातून काढून टाकत नाहीत, जपून ठेवतात. भुईकोट ज्याला पूर्वपक्ष म्हणतात तो हाच. प्रेरणेची पुस्तकं काढणाऱ्यांनी आपल्या नायकापुढे असा एक अल्लमप्रभू उभा करून बघावा. टिकला तर ते तत्त्वज्ञान.

अक्का

सर, हे मी लहानपणापासून गड्ड्याला जाऊनही कुणाकडून ऐकलं नव्हतं.

अभ्यासिका७०फूट

सर, गोष्ट लै भारी. पण मला सिद्धरामांची बाजू जास्त पटली. अल्लमप्रभू बोलून गेले, पण पाणी तळ्यातलंच होतं ना? तहान लागलेल्याला 'मी' गेला की नाही याचं काय पडलंय? ज्यानं खोदलं त्याचा अहंकार शिल्लक असला तरी पाणी पाणीच राहतं.

विजापूरवेस

बाळ, तुझा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला मी एका ओळीत उत्तर देणार नाही. एवढंच सांगतो की तळं बुजवा असं अल्लमप्रभूंनी कुठेही म्हटलेलं नाही. खोदणाऱ्याला ते विचारतायत, तहानलेल्याला नव्हे. तू उद्या साहेब झालास की तुझ्या हातून तळी, रस्ते, शाळा होतील. तेव्हा हा प्रश्न तुझ्याकडे येईल. आज तू तहानलेल्यांच्या बाजूने बोलतोयस, ते योग्यच आहे.

यंत्रमाग_पूर्वभाग

आणि माझे वडील सर? ते कुठल्या बाजूला? ते ना खोदणारे, ना पाणी पिणारे. तळ्यासाठी कुदळ मारली आणि नंतर काठावरून उठवले गेले. त्यांच्याबद्दल अल्लमप्रभू काय म्हणतात, सिद्धराम काय म्हणतात?

भुईकोट

पुढची बैठक यावरच घेऊ. 'शून्यसंपादने'तला तो भाग मराठीत कुणाकडे असेल तर आणा. कन्नड येणारं कुणी असेल तर मूळ वाचून अर्थ सांगा. यंत्रमाग, वडिलांना बरोबर घेऊन याल का?

यंत्रमाग_पूर्वभाग

विचारतो. ते बोलतील की नाही सांगता येत नाही, पण ऐकायला येतील. त्यांना कन्नड पण कळतं, गिरणीत शेजारच्या साच्यावर कन्नड माणूस होता.

अभ्यासिका७०फूट

मी पण येतो. मुख्यचा फॉर्म भरून झाला की मोकळा आहे.